मताचे सत्य कसे होते? : चंकी सुत्ताच्या प्रकाशात एक विचार

मराठीत ‘म्हणे’ असा एक लहानसा शब्द आहे. ‘त्यांच्या विहिरीला पाणी लागले, म्हणे,’ असे सांगणारी वऱ्हाडातली निरक्षर बाई त्या एका शब्दाने ऐकणाऱ्याशी प्रामाणिक राहते. मी पाणी पाहिलेले नाही, ऐकले आहे, आणि जे ऐकले तेवढेच सांगते आहे, हा सारा खुलासा त्या दोन अक्षरांत येतो. हीच बाई शिकली, तिचा मुलगा शिकला, तो व्याख्यानपीठावर गेला, आणि त्याच्या भाषेतून पहिला शब्द गळाला तो हा. त्याच्या जागी ‘सर्वश्रुत आहे’, ‘इतिहास साक्षी आहे’, ‘निर्विवादपणे सिद्ध झाले आहे’ असे भारदस्त शब्द आले. यांपैकी ‘सर्वश्रुत’ हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. त्याचा अर्थ सर्वांनी ऐकलेले, एवढाच. सर्वांनी ऐकलेले खरे असते असे त्या शब्दात कोठेही नाही. तथापि ज्या गोष्टीला पुरावा द्यावा लागू नये असे वक्त्याला वाटते, तिच्यामागे तो हाच शब्द उभा करतो.

पालि वाङ्मयात या ऐकीव गोष्टीला ‘अनुस्सव’ म्हटले आहे. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात तथागतांनी अनुस्सवाला पाच गोष्टींच्या यादीत बसवले आहे. सद्धा, रुचि, अनुस्सव, आकारपरिवितक्क आणि दिट्ठिनिज्झानक्खन्ति, म्हणजे श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, कारणांचा तर्क आणि विचारांती पटलेले मत. या पाचांविषयी भगवंतांचे म्हणणे असे की, त्यांचा निकाल दोन्ही बाजूंना लागू शकतो. ज्यावर पूर्ण श्रद्धा आहे ते पोकळ निघू शकते आणि ज्यावर श्रद्धा नाही ते खरे निघू शकते. नीट तर्क करून काढलेला निष्कर्षही याला अपवाद नाही. कालाम सुत्त आपल्याकडे भिंतीवर लिहिले जाते, चंकी सुत्त फारसे कोणी वाचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ते कालाम सुत्ताच्या एक पाऊल पुढे जाते. काय स्वीकारावे हे कालाम सुत्त सांगते. चंकी सुत्त त्याच्या जोडीला, जे स्वीकारले ते कोणत्या शब्दांत बोलावे, हेही सांगते.

प्रसंग कोसल देशातील ओपासाद या ब्राह्मणग्रामातला आहे. वृद्ध ब्राह्मण भगवंतांशी बोलत बसले आहेत आणि कापटिक भारद्वाज नावाचा सोळा वर्षांचा, तिन्ही वेद शिकलेला मुलगा मधेमधे बोलतो आहे. भगवान त्याला थांबवतात, तेव्हा चंकी त्याची बाजू घेतो. मुलगा विद्वान आहे, त्याला बोलू द्यावे, असे त्याचे म्हणणे. मग मुलगा विचारतो : परंपरेने आलेल्या प्राचीन मंत्रांविषयी ब्राह्मणांचा एकच निष्कर्ष आहे की हेच तेवढे सत्य आणि बाकीचे सर्व मिथ्या; यावर आपले म्हणणे काय? तथागत वेदांच्या खरेखोटेपणात शिरतच नाहीत. ते उलट विचारतात : मी हे जाणतो, मी हे पाहतो, असे म्हणणारा एक तरी ब्राह्मण आहे काय? त्याच्या आचार्यांच्या सात पिढ्यांत कोणी होता काय? मंत्र रचणारे जे प्राचीन ऋषी, त्यांपैकी तरी कोणी असे म्हटले काय? मुलाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागते. तेव्हा भगवान ही एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांची रांग असल्याचे सांगतात. पहिल्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही आणि शेवटच्यालाही दिसत नाही.

येथपर्यंतचा भाग आपल्या वक्त्यांना प्रिय आहे, आणि तो असावाच. परंतु संवाद येथे संपत नाही. सत्याचे रक्षण कसे करावे, असे तो मुलगा पुढे विचारतो, आणि त्या उत्तरात ‘सच्चानुरक्खणा’ ही संकल्पना येते. माझी अशी श्रद्धा आहे, असे जो म्हणतो तो सत्याचे रक्षण करतो. मात्र तेवढ्यावरून, हेच सत्य आणि बाकी खोटे, असा निष्कर्ष त्याने काढू नये. मी असे ऐकले आहे, माझा तर्क असा आहे, मला हे पटते, असे म्हणणाऱ्यालाही हाच न्याय. मत बाळगण्याला या सुत्तात कोठेही मनाई नाही. आपले मत कोणत्या वाटेने आपल्याकडे आले, ती वाट सांगून मग मत मांडावे, एवढीच अट आहे. जी गोष्ट ती निरक्षर बाई ‘म्हणे’ या शब्दाने करते, तीच.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, म्हणजे सर्व मते सारखीच खरी. हा अर्थ आपल्या देशात फार लोकप्रिय आहे, कारण त्याने कोणाचेच काही बिघडत नाही. उदानातील आंधळे आणि हत्ती यांची कथा याच अर्थाने शाळेत शिकवली जाते. प्रत्येकाला थोडे थोडे सत्य सापडले, सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे, असे तिचे तात्पर्य काढले जाते. मूळ कथेत आंधळे एकमेकांना बुक्क्यांनी मारतात आणि ते पाहून राजाची करमणूक होते. शिवाय तेथे हत्ती आहे आणि तो पाहू शकणारे डोळेही आहेत. तथागतांनी ती कथा मतामतांवरून भांडणाऱ्या परिव्राजकांविषयी सांगितली. त्यांच्या वाट्याला एकेक तुकडा सत्य आले म्हणून त्यांचे अभिनंदन करण्यासाठी ती सांगितलेली नाही. चंकी सुत्तातही रक्षणाच्या पुढे सत्याचा बोध आणि सत्याची प्राप्ती हे टप्पे आहेत. रक्षण ही पहिली पायरी आहे.

माणसे आपले मत सत्य म्हणून का मांडतात, या प्रश्नाचे उत्तरही याच सुत्तात आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी आहे. बोधाचा मार्ग सांगताना भगवान म्हणतात की, उपदेश करणारा भिक्षू गावाजवळ राहत असेल तर गृहस्थाने आधी त्याची परीक्षा करावी. न जाणताही ‘मी जाणतो’ असे तो म्हणेल, न पाहताही ‘मी पाहतो’ असे म्हणेल, किंवा ज्याने दुसऱ्याचे दीर्घकाळ अहित होईल अशा गोष्टीला त्याला प्रवृत्त करील, इतका लोभ त्याच्या मनात आहे काय? मग द्वेषाविषयी हीच परीक्षा, मग मोहाविषयी. याचा सरळ अर्थ असा की, न जाणता ‘जाणतो’ म्हणण्यामागे बुद्धीची चूक नंतर येते. आधी लोभ, द्वेष, मोह येतात. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्त हेच अधिक खोलात जाऊन सांगते. तेथे ६२ दृष्टी मोजल्या आहेत, आणि या साऱ्या स्पर्शातून, स्पर्शातून होणाऱ्या वेदनेतून, वेदनेतून होणाऱ्या तृष्णेतून उपजतात असे दाखवले आहे. चार उपादानांत ‘दिट्ठि’ हे एक स्वतंत्र उपादान गणले आहे, ते यासाठीच. जमीन जशी ‘माझी’ होते तसे मतही ‘माझे’ होते, आणि मग धुऱ्यावरून जशी भांडणे होतात तशी मतावरून होतात.

यांपैकी लोभाचा अर्थ आपण पैशापुरता घेतो. व्याख्यानाच्या मानधनाचा लोभ हा त्यातला अगदी किरकोळ प्रकार. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात पसूर सुत्त आहे. त्यात सभेत वाद जिंकण्यासाठी आतुर होऊन जाणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. हरला तर तो खचतो आणि दुसऱ्याचे दोष शोधत बसतो. जिंकला तर त्याचा ताठा वाढतो. हा लोभ टाळ्यांचा आहे. ‘मला असे वाटते’ या वाक्याला टाळी मिळत नाही. ‘हे त्रिकालाबाधित सत्य आहे’ याला मिळते. हे ज्याच्या लक्षात एकदा आले, त्याला पुढच्या प्रत्येक सभेत आपल्या वाक्याची धार थोडी अधिक वाढवावी लागते.

परंतु एवढ्यावर हा विषय सोडला तर तो अर्धवट राहील, आणि आपल्या समाजावर अन्यायही होईल. मत कोणते आणि सत्य कोणते हे ठरवण्याची सत्ता कोणाच्या हाती असते, हाही प्रश्न आहे. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली. मंदिराचे दार तेव्हा उघडले नाही. दार लावून घेणाऱ्यांना आपले म्हणणे ‘मत’ म्हणून कधी मांडावे लागले नाही. ते रूढी म्हणून, शास्त्र म्हणून, म्हणजे सत्य म्हणून आधीच उभे होते. मत होते ते प्रवेश मागणाऱ्यांचे.

साठ वर्षांनी याच शहरात याहून बोलके उदाहरण घडले. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे हस्तलिखित प्रथमच छापले गेले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत या खंडाची प्रत जाळण्यात आली. मुंबईत खंडाच्या विरोधात आणि त्याच्या समर्थनार्थ प्रचंड मोर्चे निघाले, आणि अखेर राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टातील मतांशी शासन सहमत नाही अशा आशयाची टीप पुस्तकात आली. तडजोड म्हणून ती ठीक असेल. पण समीक्षकाने त्या टीपेतील ‘मत’ या शब्दाकडे पाहिले पाहिजे. त्या परिशिष्टातील रामावरील भाग मुख्यतः वाल्मीकी रामायणातील प्रसंगांच्या आधारे लिहिलेला आहे. शंबूकाचा वध हे बाबासाहेबांचे मत नव्हे, उत्तरकांडातील कथा आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष हे मत. ग्रंथात जे लिहिले आहे तेच वाचून दाखवले असता त्यालाही ‘लेखकाचे मत’ ठरवण्यात आले, आणि जाळणाऱ्यांच्या भावनेला मात्र प्रमाणाचा दर्जा मिळाला.

ग्रंथाच्या नावात कोडी आहेत, हेही जाळणाऱ्यांनी पाहिले नसावे. त्यात एकूण २४ कोडी आहेत. वेदांच्या उत्पत्तीविषयीच्या कोड्यात बाबासाहेब काय करतात? वेद कोठून आले याची जी उत्तरे वैदिक व ब्राह्मणी ग्रंथांतच दिलेली आहेत ती एकापुढे एक मांडतात, आणि ती अकरा भरतात. अकरा उत्तरे ज्या प्रश्नाला आहेत, त्यातले एकमेव सत्य कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. पद्धत ओपासादच्या त्या दुपारचीच आहे : मंत्र खोटे आहेत असे न म्हणता, ते खरे आहेत हे तुम्हाला कोणत्या वाटेने कळले, एवढे विचारणे.

बौद्ध जगातही बाबासाहेबांच्या वाट्याला हेच आले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. १९५९ साली ब्रह्मदेशातील ‘द लाइट ऑफ द धम्म’ने हे थोर माणसाचे पुस्तक असले तरी थोर पुस्तक नव्हे असे म्हटले, आणि ‘महाबोधि’त जीवक या नावाने लिहिणाऱ्या परीक्षणकाराने तर ग्रंथाचे नावच बदलून तो आंबेडकर आणि त्यांचा धम्म म्हणून ओळखावा अशी सूचना केली. थेरवादाच्या एका परंपरेला जो अर्थ मान्य तोच धम्म आणि बाकीचा अधम्म, हे या परीक्षणाचे गृहीत होते. ते सिद्ध करण्याची गरज लेखकाला भासली नाही. याला उत्तर कसे द्यावे याचा धडा भदंत आनंद कौसल्यायन यांनी घालून दिला. त्यांनी ग्रंथाचे हिंदी भाषांतर करताना मूळ पालि आधारस्थळे शोधून काढली आणि वाचकांपुढे ठेवली. परीक्षणकाराला त्यांनी पाखंडी म्हटले असते तर त्यांना टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी दिलेले आधार मात्र आजही कामाला येतात.

ज्यांचे अनुभवसुद्धा ‘मत’ म्हणून बाजूला सारले गेले, ते आपली मते ‘सत्य’ म्हणून मोठ्या आवाजात सांगू लागले, तर त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ‘मला वाटते’ ही नम्रता ज्याच्या शब्दाला आधीच वजन आहे त्याला परवडते. गावाच्या कडेला ज्याने उभे राहून ओंजळीत पाणी घेतले, त्याने ‘मला वाटते की मला पाणी नाकारले’ असे म्हणावे काय? मुळीच नाही. ते मत नाही. ते त्याने स्वतः जाणलेले आहे, आणि कालामांना जे सांगितले त्याच्या कसोटीला ते पूर्ण उतरते. म्हणून अनुभवाविषयी आवाज खाली आणण्याचा उपदेश आपल्याला कोणी करू नये. प्रश्न आहे तो अनुभवाच्या पलीकडच्या गोष्टींचा, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासाचा, वंशांचा, उगमांचा. तेथे आपणही रांगेतलेच आहोत, आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललो आहोत.

एप्रिल महिन्यात बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत असो वा नव्या वस्तीत, अमरावतीत असो वा अकोल्यात, जयंतीच्या व्याख्यानांत एक विधान हमखास ऐकू येते. परकीय आर्यांनी आक्रमण करून येथील मूळच्या लोकांना शूद्र-अतिशूद्र केले, हे बाबासाहेबांनी सिद्ध केले आहे. हे विधान करणाऱ्याने ‘हू वेअर द शूद्राज?’ हा १९४६ चा ग्रंथ उघडलेला नसतो. त्यात बाबासाहेबांनी आर्य हा वंश असल्याचा आणि त्यांच्या आक्रमणाचा सिद्धान्तच नाकारला आहे, आणि शूद्र हे मूळचे सूर्यवंशी क्षत्रिय होते असे प्रतिपादले आहे. म्हणजे ज्यांच्या नावावर सत्य सांगायचे, त्यांचे मत नेमके त्याच्या उलट. अलीकडे त्याच विधानाला जनुकशास्त्राचा आधार जोडण्यात येतो. २००१ साली आंध्र प्रदेशातील काही जातींच्या नमुन्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे नाव घेऊन साऱ्या भारताचा निकाल लावला जातो. त्यानंतरच्या २०१३ आणि २०१९ च्या संशोधनातून दिसते ते चित्र निराळे आहे. इ.स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात गवताळ प्रदेशातून लोक येथे आले, पुढे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत निरनिराळ्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली, आणि मग विवाहाच्या भिंती उभ्या राहिल्या. हे चित्र व्याख्यानपीठावरच्या विधानाशी जुळत नाही. आणि स्पष्टच बोलायचे तर, बाहेरून लोक येण्याच्या मुद्द्यावर ते बाबासाहेबांच्या १९४६ च्या मताशीही पूर्णपणे जुळत नाही.

असे म्हणण्याने बाबासाहेबांना उणेपणा येतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्यांचा १९१६ चा निबंध पाहावा. कोलंबिया विद्यापीठात ९ मे रोजी वाचलेल्या या निबंधात जातीचा उगम अंतर्विवाहाच्या बंधनात आहे असा सिद्धान्त ते मांडतात, आणि तो टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर आपण तितक्याच तयारीने तो सोडून देऊ, असे बजावतात. आपल्या विचारांचे सप्रमाण खंडन झाले तरी आपल्याला आनंदच होईल, असेही ते सांगतात. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही तोच स्वर आहे. पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे, त्यांचा बौद्ध धम्म, गोमांस आणि इ.स. ४०० च्या सुमारास जन्मलेली अस्पृश्यता, हा त्यांचा सुप्रसिद्ध सिद्धान्त. त्याला अंतिम शब्द मानण्याची मागणी आपण करीत नाही, असे ते टीकाकारांना सांगतात. उपलब्ध वस्तुस्थितीशी जुळणारे, तिला अर्थ देणारे आणि म्हणून तूर्त ग्राह्य असे हे गृहीतक आहे की नाही, एवढेच पाहा, असे त्यांचे म्हणणे आहे. सच्चानुरक्खणेचे याहून नेमके आधुनिक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. आज आपले वक्ते त्या गृहीतकातील ‘तूर्त’ गाळतात. विवेकानंद झा यांच्यासारख्या इतिहासकाराने अस्पृश्यतेच्या टप्प्यांची निराळी मांडणी केली, तर ती वाचण्याऐवजी तिच्यावर शत्रुत्वाचा शिक्का मारतात.

याचा तोटा कोणाला होतो? गृहीतक म्हणून मांडलेल्या विचारातला एक भाग चुकला तर तेवढा भाग बदलतो. सत्य म्हणून मांडलेल्या विचारातला एक भाग चुकला तर प्रतिपक्ष साऱ्या इमारतीला चूक ठरवतो, आणि महाविद्यालयात शिकणारा आपलाच मुलगा व्याख्यान ऐकून वर्गात गेला की तेथे तोंडघशी पडतो. आपण त्याला शिदोरी म्हणून जे दिले ते तपासून दिले नव्हते. १९१६ च्या निबंधातला अंतर्विवाहाचा मुद्दा आजच्या जनुकीय पुराव्यापुढे किती खंबीरपणे उभा आहे, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नसते. कारण व्याख्यानपीठाला आक्रमणाच्या कथेत अधिक रस.

आता ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाविषयी थोडे अप्रिय लिहिले पाहिजे. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले आहेत : सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळची आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म यांचे काय, आणि भिक्षुसंघाचा हेतू कोणता. ग्रंथाच्या गाभ्यात मात्र या प्रश्नांची त्यांची उत्तरे कथनाच्या रूपाने येतात. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा कलह, संघातील मतदान, सिद्धार्थाचा विरोध, हे सारे घडलेली हकिगत म्हणून सांगितले आहे, ‘कदाचित’ हा शब्द तेथे नाही. हे धम्मग्रंथाच्या शैलीला धरून आहे, पण त्यामुळे वाचकावर एक जबाबदारी येते. त्या स्पष्टीकरणाला आधार नाही असे मुळीच नाही. अट्ठकवग्गातील अत्तदण्ड सुत्तात कलहाने, आटत्या पाण्यातील माशांसारखी तडफडणारी माणसे पाहून आलेला संवेग तथागत स्वतः सांगतात. धर्मानंद कोसंबींनी बाबासाहेबांच्या आधीच त्या सुत्ताकडे लक्ष वेधले होते. तथापि आधार असलेले मत आणि प्रत्यक्ष पाहिलेली घटना यांत अंतर आहे, आणि ते बाबासाहेबांनीच प्रस्तावनेत राखले आहे. बुद्धवचन ओळखण्याच्या ज्या कसोट्या त्यांनी ग्रंथात दिल्या, त्यांतली तिसरी हीच आहे : ज्याविषयी खात्री होती ते तथागतांनी निश्चयाने सांगितले, आणि ज्याविषयी नव्हती त्यावर तात्पुरते मत दिले.

वर्षावासात आपल्या पुष्कळ विहारांतून या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला समाप्ती. माझ्या पाहण्यात जी वाचने आली, त्यांत बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी प्रस्तावना वगळून थेट सिद्धार्थाच्या जन्मापासून आरंभ होतो. वाचणाऱ्याला ती रूक्ष वाटते, ऐकणाऱ्या उपासिकांना कथा हवी असते, हे खरे. पण त्यामुळे तीन महिने उत्तरे वाचली जातात आणि प्रश्न कोणाच्या कानावरच पडत नाहीत. पुनर्जन्मावर किंवा विपश्यनेवर पुढे जे वाद आपल्यात होतात, एकमेकांना अबौद्ध ठरवण्यापर्यंत जातात, त्यांतले अर्धे प्रस्तावनेतल्या तिसऱ्या प्रश्नापाशीच बसून बोलता आले असते. प्रस्तावना लहान आहे. येत्या आषाढ पौर्णिमेपासून तिच्यातला रोज एक प्रश्न वाचावा, त्यावर उपासक-उपासिकांना बोलू द्यावे, आणि चंकी सुत्तातल्या त्या सोळा वर्षांच्या मुलासारखे कोणी मधेच बोलले तर त्याचे बोलणे टिपून ठेवावे. चार संध्याकाळी त्याला लागतील. जन्मकथा पाचव्या दिवशी सुरू करता येईल.